झडतीतला 'य' दुरुस्त करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोळ्याच्या सुमारास गावोगावच्या झडत्या, म्हणजे पोळ्याच्या तोरणाखाली म्हणायची यमकी गाणी, छापायची पद्धत चांगली आहे, ती चालू ठेवावी. आमची तक्रार छापण्याच्या रीतीबद्दल आहे. वऱ्हाडी झडती मुद्रितशोधनातून गेली की तिच्या 'य'चा 'ळ' होतो, 'ले'चा 'ला' होतो आणि जिच्यासाठी ती रचली ती गंमतच निघून जाते. म्हणींच्या बाबतीत उलटा प्रकार दिसतो. शब्द तसेच राहतात, पण त्यांच्यामागे कुठलीतरी गोड कथा चिकटवून दिली जाते. दोन्ही प्रकारांत नुकसान बोलीचं होतं.

नमुन्यादाखल आम्हीच जुळवलेली ही झडती पाहा :

तूर इकली अन् आनाले गेलो डाय,
भाव आयकून लटपटले पाय,
पिकवनाऱ्याच्या हाती उरलं काय?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

आता पहिल्या ओळीत 'डाळ' छापा. डाय-पाय-काय हे यमक पहिल्याच पायरीवर मोडतं. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया, शाळेची शाया आणि गुळाचा गुय होतो, म्हणून प्रमाण मराठीत न जुळणारे शब्द इथे सहज जुळतात आणि वेगळे शब्द एकच होऊन बसतात. 'गायात गाय फसली' या वाक्यातली पहिली गाय म्हणजे गाळ. ते 'गाळात गाय' असं लिहिलं की अर्थ तेवढा उरतो, कोटी जाते. अनेकदा जागा वाचवायला शेवटचं नमनही कापतात. पण तोरणाखाली बैल उभे असताना सारा गाव जो एका आवाजात साथ देतो, तो त्याच ओळीला. ती काढली तर उरते नुसती चारोळी.

म्हणींच्या उगमाचं पाहू. उगम शोधायची पहिली पायरी म्हणजे म्हणीतली वस्तू ओळखणे. 'बैल गेला अन् झोपा केला' यातला झोपा म्हणजे झोप नव्हे. कोणी त्याचा अर्थ गोठा सांगतं, कोणी गोठ्याचं दार. म्हणजे बैल गेल्यावर केलेला बंदोबस्त. मुलांना विचारून पाहा, बहुतेक जण 'बैल गेला आणि मालक झोपला' असंच सांगतील. 'काखेत कळसा' यातला कळसा देवळावरचा नाही, पाण्याचा आहे. तिथे 'कळशी' घालून चालत नाही, कारण पुढे 'वळसा' उभा आहे.

'सोळा आणे खरं' हे तर हिशेबातूनच आलेलं. रुपयाचे सोळा आणे होते, म्हणून सोळा आणे म्हणजे पुरतं. 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणा गेला. पण पिकाच्या अंदाजाला खेड्यात अजून 'आणेवारी'च म्हणतात. सरकारी कागदावर ती पैसेवारी झाली आणि 50 पैशांच्या खाली आली की दुष्काळी स्थितीची चर्चा सुरू होते. वाकप्रचारातला आणा आजही शेतकऱ्याच्या पोटाशी बांधलेला आहे, हे नव्या पिढीला सांगायला हवं.

'दुष्काळात तेरावा महिना' या म्हणीला तर कथेची गरजच नाही, पंचांग पुरे. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं आणि सौरवर्ष 365 दिवसांचं. दरसाल अकरा दिवसांची तूट साचत जाते आणि सुमारे 32-33 महिन्यांनी अधिक महिना येतो. 2023 साली अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. आता कणगीत बारा महिन्यांचीही ज्वारी नसलेलं घर डोळ्यांपुढे आणा. पीक वाढत नाही, खाणारे महिने मात्र तेरा होतात. पुढचं पीकही त्या वर्षी तिथीने तेवढं लांब जातं.

पावसाच्या म्हणी सांगताना तर गाव आणि पीक लिहिलंच पाहिजे. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास असतो. चित्रा नक्षत्र साधारण 10 ऑक्टोबरला लागतं. 'पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा' याचा अर्थ कोणी 'इतकं पिकेल की कुत्राही विचारणार नाही' असा लावतं, तर कोणी 'भात इतका नासेल की कुत्राही तोंड लावणार नाही' असा. भंडारा-गोंदियाकडे हलका, म्हणजे लवकर येणारा, धान तेव्हा कापणीला आलेला असतो, तो भिजला की नासतो. भारी, म्हणजे उशिरा येणारा, धान मात्र ओल मागतो. म्हणून अर्थ एका ओळीत ठोकून देऊ नये.

इतिहासाशी जोडलेल्या म्हणींबाबत अधिक सावध राहावं. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात झाला, हा इतिहास. 'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट मात्र आख्यायिका म्हणूनच छापावी. एखादी म्हण निदान किती जुनी हे पाहायचं तर मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. तिथे सापडली तर ती कोण्या अलीकडच्या घटनेतून निघाली हा दावा आपोआप गळतो. नाही सापडली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण बोलीतलं कितीतरी कोशापर्यंत पोचलेलंच नाही.

नोंद घ्यायला एक फोन आणि एक वही पुरते. बोलणाऱ्याकडून 'नीट सांगा' म्हणून पुन्हा वदवून घेऊ नये. शिकलेल्या माणसासमोर दुसऱ्यांदा सांगताना लोक 'मले'चं 'मला' करतात. पहिला, ओघात आलेला उच्चारच खरा धरावा. 'याचा अर्थ काय?' असं विचारलं की माणूस अर्थ रचतो. 'हे कोनाले, कवा म्हनता?' असं विचारावं, वापर आपोआप कळतो. वहीत गाव, तालुका, तारीख, सांगणाऱ्याचं वय आणि काम लिहावं. जुन्या वस्तूचं नाव आलं तर शक्य असल्यास तिचा फोटो काढून ठेवावा. तिफनीचं चाडं, म्हणजे बैलांच्या पेरणी-अवजारावरचं बी सोडायचं भांडं, ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रामुळे दिसेनासं होतंय. चाडंच पाहिलं नसेल तर 'चाड्यावर मूठ' कशी कळणार?

नवी झडती रचणाऱ्यांसाठी हक्काचंही सांगतो, कारण व्हिडिओ निघाला की दुसऱ्या दिवशी ती भलत्याच नावावर फिरते. पारंपरिक म्हण कोणाच्याही मालकीची नसते आणि एखाद्या सुट्या वाक्याला कॉपीराइट मिळत नाही. पण स्वतः रचलेली झडती लिहून ठेवली की 1957 च्या कायद्याने ती रचणाऱ्याची, त्याच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं. नोंदणी सक्तीची नाही. करायची असेल तर साहित्यकृतीला 500 रुपये शुल्क आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. कोणी गावच्या बोलण्यातली म्हण ट्रेडमार्क म्हणून मागितली, तर तो अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांच्या आत विरोध नोंदवता येतो. मुदत गेली की काम अवघड होतं.

म्हणून आपल्याला विनंती आहे की येत्या पोळ्याला झडत्या छापताना प्रत्येकीखाली गाव, तालुका, वर्ष आणि रचणाऱ्याचं नाव द्यावं. नाव कळलं नाही तर तसं लिहावं. उच्चार बोलीतलेच ठेवून कठीण शब्दांचे अर्थ शेवटी बारीक टाइपात द्यावेत. आणि मुद्रितशोधकांच्या टेबलावर एवढी चिठ्ठी लावावी : 'डाय' ही चूक नाही.

आपले,
वऱ्हाडी बोलीच्या नोंदी ठेवणारे काही वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती