बाहुलीच्या हातची खीर नाट्यगृहातही शिजू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या दादरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बाहुलीनाट्याचा एक छोटा प्रयोग झाला. गोष्ट आपल्या सगळ्यांची, लेकीकडे निघालेल्या म्हातारीची. पण म्हातारीची बाहुली हातात घालून एक मुलगी गोष्ट सांगत होती आणि शेजारी तिची मैत्रीण विजेच्या शेगडीवर खरोखरची भोपळ्याची खीर करत होती.

दोघींनी वेळ किती नेमकी साधली होती! वाघोबा आडवा आला तेव्हा किसलेला भोपळा तुपात पडला. ‘तूपरोटी खाईन, जाडजूड होईन’ म्हणेपर्यंत तो मऊ झाला. मग गूळ, नारळाचं दूध, वेलची. सतरंजीवरची पन्नासेक मुलं वास आला तशी पुढे पुढे सरकत होती. माझ्या नातवाने मध्येच विचारलं, “भोपळा किसला, मग आजी परत कशात बसून येणार?” म्हातारीच्या बाहुलीने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि टेबलाखालून आतून कोरलेला अख्खा भोपळा वर काढला. मुलांनी जो आरडाओरडा केला, तो अजून कानात आहे. मी तीस वर्षं बालवाडीत शिकवलं, गोष्टी शेकड्यांनी सांगितल्या. पण ऐकणं, पाहणं, वास घेणं आणि चाखणं एकाच गोष्टीत असं एकत्र आलेलं मला आठवत नाही.

हाच प्रयोग पुढे एका नाट्यगृहात ठरला, तेव्हा शेगडी लावायला परवानगी मिळाली नाही. खीर डब्यातून आणावी लागली. मुलांनी खाल्ली, पण गोष्ट आणि खीर यांचा संबंधच तुटला.

आगीची काळजी रास्त आहे. नाट्यगृहात उघडी ज्योत नकोच, मुलांसमोर तळणही नको. पण ज्योत नसलेली शेगडी, जवळ अग्निशामक नळकांडं, पहिल्या रांगेपासून चार हात अंतर आणि पदार्थात काय काय आहे ते दारातच लिहिलेलं, एवढ्या अटींवर परवानगी देता येणार नाही का? मोठ्या रंगमंचाची गरजही नाही. हातमोजाची बाहुली हजार प्रेक्षकांत दिसतच नाही. प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या संकुलात, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात लघुनाट्यगृहं आहेत. सुट्टीतल्या सकाळी ती अशा प्रयोगांना सवलतीत मिळावीत. पालिकेच्या शाळांचे हॉल रविवारी रिकामे असतात, तेही द्यावेत.

याच मुंबईत १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी मुलांसाठी वेगळी रंगभूमी उभी केली. रामदास पाध्यांचे अर्धवटराव पाहून आमच्या घरातल्या दोन पिढ्या हसल्या. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी जपली, त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पिंगुळीच्या कलावंतांनाही इथे बोलवावं. त्यांच्या बाहुल्यांशेजारी तव्यावर घावन पडताना मुंबईच्या मुलांनी पाहावं, अशी माझी फार इच्छा आहे.

दिवाळीच्या सुट्टीला अजून वेळ आहे. नाट्यगृहांच्या व्यवस्थापनांनी तोवर निदान एका सकाळची परवानगी द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, दादर