बूझर, विषय संपला? इतक्यात नाही!

इंडियानापोलिस
5 ऑक्टोबर 2025

प्रिय संज्या,

काल अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये यंदाचा प्लेयर ऑफ द इयर कोण यावर बोलताना ‘कॅमेरॉन बूझर, विषय संपला’ एवढं बोलून तू फोन ठेवलास. विषय असा संपत नसतो. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहूनच पाठवतोय. कागदाच्या मध्ये तुला तोंड घालता यायचं नाही.

पहिला सामना 3 नोव्हेंबरला. म्हणजे अजून बाजारात तुरी, आणि आपण प्लेयर ऑफ द इयर कोण यावरून भांडतोय. पण खरं सांग, मार्चमधल्या वादापेक्षा या वादाला जास्त मजा आहे की नाही? मार्चमध्ये, सीझन संपत आल्यावर, आकडे समोर असतात, कुणीही शहाणा होतो.

आता मुद्दा. ऑक्टोबरात ज्यांची नावं घेतात ती बहुतेक मागच्या वर्षीचीच असतात. पत्रकारांचाही दोष नाही, पुढचं कुणाला दिसतंय! 2022 ची एपी वृत्तसंस्थेची सीझनपूर्व ऑल-अमेरिका यादी आठव, म्हणजे पत्रकारांनी निवडलेले देशातले सर्वोत्तम पाच. टिमी, बॅकॉट, चिब्वे, ट्रेस जॅक्सन-डेव्हिस, सॅसर. त्यात आमच्या पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी कुठे होता? नव्हताच. सात फूट चार इंचांचा माणूस कुणाला दिसला नाही! आणि वर्षअखेर सगळे पुरस्कार त्याचेच, पुढच्या वर्षी पुन्हा त्याचेच. लागोपाठ दोन वर्षं असं राल्फ सॅम्पसननंतर कुणाला जमलं नव्हतं. तुमच्याच ड्यूक विद्यापीठाचं घे. 2018 मध्ये यादीत आर. जे. बॅरेट होता, झायन विल्यमसन नव्हता. पुढे काय झालं ते मी तुला सांगायला नको. 2019 मध्ये मिशिगन स्टेटच्या कॅशस विन्स्टनचं नाव एकमुखाने घेतलं गेलं, आणि पुरस्कार कुणी नेले? डेटनच्या ओबी टॉपिनने.

तू म्हणशील, लुका गार्झा होताच की, आधी नाव आणि शेवटी पुरस्कारही. होता. मी कुठे म्हणतोय की यादी नेहमीच चुकते? ती कुठे चुकते ते बघ, एवढंच म्हणणं आहे. एडीने 2022 च्या उन्हाळ्यात काही जादूटोणा केला नव्हता. आदल्या वर्षी तो सामन्यात जेमतेम 19 मिनिटं खेळायचा, कारण त्याच्याच जागेवर ट्रेव्हियन विल्यम्स होता, आणि चेंडू बहुतेक वेळ जेडन आयव्हीच्या हातात. तेवढ्या मिनिटांतही एडी 14 च्या वर गुण काढायचा. ते दोघे गेले, मिनिटं तिशीपार गेली, गुण 22 वर. हा त्रैराशिकाचा हिशोब होता, चौथीतल्या पोरालाही जमला असता. म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की कोण किती चांगला हे नंतर बघू, यंदा कुणाच्या वाटेतून कोण बाजूला झालंय ते आधी बघावं.

आता तुझा बूझर, ड्यूकचा फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षातला. बाप कार्लोस बूझर, 2001 साली ड्यूकला विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघातला. मुलाचे पाय पाळण्यात दिसले, मान्य. पण फ्रेशमनने हा मान मिळवल्याची उदाहरणं मोज: 2007 चा ड्युरँट, 2012 चा अँथनी डेव्हिस, 2019 चा झायन, आणि यंदाचा तुमचा कूपर फ्लॅग. चार, बस. दरवर्षी एखादा तरी पोरगा ‘पिढीतून एकदा’ म्हणून येतो, त्याच्यापुढे ही चार नावं किती हे तूच ठरव. 2010 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचा हॅरिसन बार्न्स सीझनपूर्व यादीत जाणारा पहिलाच फ्रेशमन ठरला, केवढा गाजावाजा! शेवटी सगळा देश बोलत होता तो ब्रिगहॅम यंगच्या जिमर फ्रेडेटबद्दल. आणि असाच गाजलेला फ्रेशमन बेन सिमन्स? त्याच्या एलएसयूला (लुइझियाना स्टेट) त्या वर्षी मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागासुद्धा मिळाली नाही, आणि परीक्षेत मार्क कमी म्हणून वुडन पुरस्काराच्या (सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारांपैकी एक) अंतिम यादीतूनही तो बाद. आपल्या आयांना हे कळलं असतं तर वर्षभर उदाहरण दिलं असतं.

फ्लॅगने आत्ताच मान नेल्यामुळे तू हवेत आहेस, दुसरं काही नाही. लागोपाठ दोन वर्षं एकाच कॉलेजचा फ्रेशमन? मतं देणाऱ्यांनाही वेगळं काही लिहायला हवं असतं रे.

माझ्या पसंतीचं नाव तुला माहीतच आहे. पर्ड्यूचा ब्रेडन स्मिथ. हो, पर्ड्यूत शिकलो म्हणून थोडा पक्षपात असेल, पण कारणं ऐक. मार्चमध्ये ह्यूस्टनविरुद्धचा सामना इथेच, लुकास ऑइल स्टेडियममध्ये झाला. स्मिथचे गुण फक्त 7, पण असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, 15. डोळ्यांनी बघितलं तर कळतं तो काय करतो. त्याचा सहकारी कॉफमन-रेन येऊन त्याच्या बचावपटूला अडवतो, स्मिथ कोपऱ्याने पुढे सरकतो, पण घाईत नाही. मागचा बचावपटू पाठीवर ठेवून एक ड्रिबल उगाचच जास्त घेतो. समोरचा उंच माणूस आता काय करू म्हणून अर्धा पाय पुढे टाकतो, आणि तेवढ्यात चेंडू त्याच्या काखेखालून पलीकडे पोचलेला असतो. पंगतीत वाढणाऱ्यासारखं आहे त्याचं, कुणाच्या पानात काय संपलं ते खाणाऱ्याच्या आधी त्याला दिसतं. तो सामना आम्ही 62-60 ने हरलो, अगदी शेवटच्या सेकंदाला. त्याबद्दल मी अजून बोलत नाही.

‘15-16 गुणांवाल्याला कोण देतंय?’ हा तुझा नेहमीचा प्रश्न. टेक्ससच्या टी. जे. फोर्डला 2003 मध्ये दिला की, वुडन आणि नेस्मिथ दोन्ही पुरस्कार. गुण 15, असिस्ट पावणेआठच्या आसपास. स्मिथचे मागच्या वर्षीचे आकडे 15.8 आणि 8.7. आणि अजून एक गोष्ट तुला टोचणार आहे. कारकिर्दीतल्या सर्वाधिक असिस्टचा विक्रम तुमच्या बॉबी हर्लीचा, 1076, 1993 पासून कुणी हलवलेला नाही. स्मिथचे साडेसातशेच्या वर झालेत. तब्येत ठीक राहिली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये दर सामन्याला तो आकडा टीव्हीच्या पडद्यावर दिसणार, म्हणजे नेमका मतपत्रिका भरायच्या सुमारास. एपीची मतं तर मार्चची स्पर्धा सुरू व्हायच्या आतच जातात. म्हणूनच 2023 मध्ये 16 व्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने आमची शोभा केली, तरी एडीच्या पुरस्काराला धक्का लागला नाही.

माझ्या नावाला खरा धोका बाहेरून नाही, घरातूनच आहे. ट्रे कॉफमन-रेनने मागच्या वर्षी सरासरी 20 गुण केले. दोघांत मतं विभागली तर बूझर आरामात निघून जाईल. आणि सगळे म्हणतात तसा पर्ड्यूला सीझनपूर्व क्रमवारीत पहिला नंबर मिळाला तर तेही ओझंच. 2022 मध्ये बॅकॉटच्या नॉर्थ कॅरोलिनाला तो मिळाला होता, आणि संघ स्पर्धेतही पोचला नाही.

बाकीच्यांवर फार शाई घालवत नाही. टेक्सस टेकचा जे. टी. टॉपिन आकडे करेलच. डिबान्सा आणि पीटरसन या यंदाच्या दुसऱ्या दोन फ्रेशमनांत मला पीटरसन जास्त आवडतो. 18 नोव्हेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ड्यूक-कॅन्सस आहे, बूझर एकीकडे, पीटरसन दुसरीकडे. त्या रात्री माझा फोन घेशील ना, की जिंकलात तरच घेशील?

पैज ठरवून टाकू. यंदा फायनल फोर, म्हणजे मार्चच्या स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांचे सामने, इथेच आहे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा तू येणार हे गृहीत धरतो. स्मिथला मिळाला तर येताना वहिनींच्या हातच्या पुरणपोळ्या आणायच्या, गोठवलेल्या चालणार नाहीत. बूझरला मिळाला तर तुझं तिकीट मी काढतो. दोघांनाही नाही मिळाला तर मिसळ मी करीन, तर्री तू करायची.

आणि तुझी पाच नावं एपीची यादी यायच्या आत पाठव. नंतर आलेली धरणार नाही.

तुझा,
पक्या