तंगूस

हर्णै,
२० जुलै

प्रिय बाळ्या,

नामिबियातल्या सीलचा तू पाठवलेला व्हिडिओ तीनदा बघितला. माणूस वाळूवरून धावत जाऊन पिल्लाला धरतो, मानेतला दोरा कापतो, आणि ते पिल्लू त्यालाच चावायला बघतं! ही पिल्लं मुळात मान घालतातच कशाला, असं तू विचारलंस. खेळ रे, दुसरं काय! दिसेल त्यात तोंड खुपसायचं. त्यांची लव मागे वळलेली, म्हणून फास आत सरकतो पण बाहेर निघत नाही. अंग भरत जातं तसा तो मानेत रुतत जातो.

आता इथलं ऐक. शनिवारी रात्रभर वारा होता. सकाळी किनाऱ्यावर गेलो तर निळ्या-हिरव्या जाळ्याचा ढीग लागलेला, त्यात थर्माकोल, तेलाचा डबा, एक चप्पल. कुत्रं भुंकत होतं म्हणून थांबलो, तर ढीग हलला. आत ऑलिव्ह रिडले कासव. पुढच्या डाव्या पायात तंगूस, जाळ्याचा तो नायलॉनचा धागा, इतका रुतलेला की हाड दिसत होतं. कासवाच्या डोळ्यांतून पाणी गळतं ते अंगातलं मीठ टाकण्यासाठी, हे मला ठाऊक आहे. तरी बघवेना.

शेजारचा संत्या कात्री घेऊन आला. पाऊण तास एकेक धागा कापत होतो. जमलेली माणसं म्हणत होती, पाण्यात ढकला, जाईल आपलं आपण. पण अंगात त्राण नसेल तर ते बुडतं रे, श्वासाला त्यालाही वर यावं लागतं. नाक उघडं ठेवून ओलं गोणपाट टाकलं आणि वन खात्याला फोन केला. त्यांनी गाडीतून नेलं. पाय राहील का, ते आत्ताच सांगता येणार नाही म्हणाले.

वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखतात. आपण गेलो होतो तेव्हा तळहातावर मावणारी ती पिल्लं बघून तू किती ओरडला होतास! आणि २०१८ पासून जाळं कापून कासव सोडलं तर सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. चांगलंच आहे. पण ती जाळ्याच्या मालकाला. टाकून दिलेल्या जाळ्याला मालक कुठला? ते कापायला कोण जाणार?

जाळं घरी आणलं. आण्णांनी चष्मा लावून एक जागा बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "सांधलंय आपल्याच बंदरातल्या कुणीतरी." मी गप्प. बारावीच्या सुट्टीत होडीतून आपण दोघांनी फाटकं जाळं पाण्यात लोटलं होतं, आठवतंय? घरी न्यायचा कंटाळा म्हणून. हे ते नाहीच, इतकी वर्षं झाली. तरी आण्णांकडे बघवलं नाही.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते. तोवर आण्णा रोज पडवीत बसून तो गुंता सोडवतायत, कशासाठी ते सांगत नाहीत. गणपतीला येशील तेव्हा तूच विचार, तुला सांगतील.

तुझा,
दिग्या