ताई, ती वही अजून माझ्याकडे आहे

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र चारचौघींना वाचता येईल असं लिहिते आहे. प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीबाहेर त्या दिवशी मी जशी बसले होते, तशी आजही कुणीतरी बसलेली असणार.

2023 चा फेब्रुवारी होता. कॅन्सरमुळे माझा डावा स्तन 2017 मध्ये काढला, त्याच ऑपरेशनमध्ये छातीच्या स्नायूखाली सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं आणि मग शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे, 25 दिवस झाले. मी समजत होते की तो विषय तिथे संपला. इम्प्लांट जन्मभर टिकेल असं धरून चालायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं; सांगितलं असेल तर तेव्हाच्या भीतीत ते माझ्या कानात शिरलं नसेल. पाच वर्षांत ती बाजू दगडासारखी कडक झाली, वर सरकली, दुखायला लागली. शरीर कुठल्याही इम्प्लांटभोवती एक पातळ आवरण तयार करतं, तसं ते सगळ्यांच्यातच होतं. काहींच्यात ते आवळत जातं आणि रेडिएशन झालेलं असेल तर त्याचा धोका वाढतो. माझं आवळणं चौथ्या ग्रेडचं, म्हणजे शेवटच्या पायरीवरचं निघालं.

डॉक्टरांनी सगळे मार्ग नीट सांगितले, पण एका दमात. आवरण काढून नवीन इम्प्लांट, जमल्यास स्नायूच्या वर. किंवा पोटाची चरबी आणि कातडी घेऊन स्तन. किंवा पाठीचा स्नायू पुढे फिरवून. किंवा सगळं काढून छाती सपाट शिवायची. चरबी टोचून भरायचा पर्याय वेगळाच. "घरी बोला आणि ठरवा," म्हणाले. घरी काय बोलणार होते? मिस्टरांना पुन्हा कापाकापीच नको होती. जाऊबाई म्हणाल्या, डावी बाजू तर पदराखाली असते, कुणाला दिसतंय. त्या वाईट नाहीत, पण ते वाक्य ऐकून मी चार दिवस जेवले नव्हते.

तुम्ही शेजारी बसून एवढंच विचारलंत, "दुखतं कधी?"

"नेहमीच," मी म्हणाले.

"नेहमी असं काही नसतं. एक वही घे. आठ दिवस लिही, काय करताना काय होतं ते. बाकी कुणाचं काही ऐकू नकोस. माझंसुद्धा."

मी कराडला परत आल्यावर लिहायला लागले. भाकरी थापताना स्नायू आवळला की गोळा बाहेरच्या बाजूला सरकतो. वाळत घालायला हात वर केला की ओढ बसते. डाव्या कुशीवर झोप नाही. थंडीत पहाटे ती बाजू गार पडते, बर्फाची पिशवी ठेवल्यासारखी. आठ दिवसांत आरशाबद्दल एकच ओळ होती आणि भाकरीबद्दल सहा. तोवर मी समजत होते की मला दिसण्याचं दुःख आहे. ते होतंही, पण एका ओळीपुरतं.

ती वही घेऊन पुन्हा पुण्याला आले तेव्हा तुम्ही मला घरी नेलंत. आतल्या खोलीत दार लावून ब्लाउज काढलात आणि म्हणालात, "बघ, हात लाव." तुमचं इम्प्लांट एकदा बदललं होतं, रेडिएशन झालेल्या बाजूला ते पुन्हा आवळलं, म्हणून तुम्ही सगळं काढून टाकलंत. सपाट छाती, आडवा एक व्रण, आणि बाहेर जाताना ब्लाउजमध्ये सुती दोऱ्याचा विणलेला कप. तुम्ही इतक्या सुखात होता की मी त्याच क्षणी हो म्हटलं असतं. तेच तुम्हाला नको होतं. चहा व्हायच्या आत तुम्ही दुसऱ्या एका बाईंना फोन लावलात, ज्यांनी तुमच्या अगदी उलट, पोटाच्या फ्लॅपचा, म्हणजे पोटाची चरबी-कातडी घेऊन स्तन करायचा, निर्णय घेतला होता. आणि "मी मध्ये बोलणार नाही" म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात. ताई, तुमचे आभार मानायचे ते सगळ्यांत जास्त त्या उठून जाण्याबद्दल. स्वतःचा मार्ग लाभलेल्या माणसाला एवढं गप्प राहता येतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग वहीतल्या ओळींचे प्रश्न झाले. डॉक्टरांना मी विचारलं, नवीन इम्प्लांट स्नायूच्या वर बसवलं तर भाकरी थापताना सरकणार नाही ना? ते नाही सरकणार, म्हणाले, पण शेक बसलेल्या कातडीखाली पुन्हा आवळण्याची शक्यता आहेच. सिझेरियनचा व्रण असताना पोटाचा फ्लॅप होतो का? बहुतेक वेळा होतो. पोट वापरता येतं ते मात्र एकदाच.

कुठलं इम्प्लांट बसवलं ते लिहिलेलं कार्ड शोधायलाही तुम्हीच लावलंत. फाईलच्या तळाशी सापडलं. माझं इम्प्लांट खडबडीत पृष्ठभागाचं होतं. अशा पृष्ठभागाशी जोडलेल्या लिम्फोमा नावाच्या एका दुर्मिळ कॅन्सरमुळे जुलै 2019 मध्ये काही इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली, हे मला चार वर्षांनी कळलं. त्रास नसेल तर केवळ तेवढ्यासाठी काढायची गरज नाही, अचानक सूज किंवा पाणी भरलं तर लगेच दाखवायचं, असं डॉक्टरांनी समजावलं. तरी कार्ड हातात असणं वेगळं. बायांनो, आपापलं कार्ड शोधून ठेवा.

आणि विमा! कंपनीने "कॉस्मेटिक" म्हणून कॅशलेस नाकारलं तेव्हा मी हरलेच होते. कॅन्सरनंतरची पुनर्रचना कॉस्मेटिकच्या वगळणुकीत येत नाही, हे विमा नियामकाच्या ठरलेल्या शब्दांतच आहे, हे तुम्हाला पाठ होतं. सर्जनचं पत्र जोडायला लावलंत आणि अर्ज मंजूर झाला.

मी पोटाचा फ्लॅप निवडला. नऊ तास लागले. पहिल्या रात्री दर तासाला सिस्टर यायच्या, रक्त वाहतंय का ते ऐकवणारी डॉप्लरची पेन्सिल टेकवायच्या आणि अंधारात रक्ताचा फुसफुस आवाज यायचा. तो आला की मी पुन्हा डोळे मिटायचे. दोन आठवडे वाकून चालले. कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण आहे आणि त्या जागी स्पर्श अजून कळत नाही. हे सगळं फोनवरच्या त्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे धक्का बसला नाही. तुम्ही जुन्या नऊवारीच्या कापडाची ड्रेनसाठी, म्हणजे जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळीसाठी, पिशवी शिवून आणलीत, गळ्यात अडकवायची. आपल्यापेक्षा वेगळा निर्णय घेतला म्हणून तुमच्या चेहऱ्यावर रेषाही हलली नाही.

या हिवाळ्यात ती बाजू गार पडली नाही. अंगाचंच आहे ते, ऊबदार असतं. भाकरी थापते, काही सरकत नाही.

आता डॉक्टर स्तनाग्राबद्दल विचारतायत, करायचं की टॅटू की तसंच ठेवायचं. मी अजून ठरवलेलं नाही. पुढच्या महिन्यात येते आहे, वहीत आठ दिवसांचं लिहून आणेन. तुम्ही वाचा आणि नेहमीसारखं काही सांगू नका.

तुमचीच,
कराडची