दुसरा टीव्ही घेऊ नका

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायचं होतं, पण फोन लागला की मागे टीव्हीवरच्या चर्चेतले आठ जण एकदम ओरडत असतात आणि बाबा आवाज कमी करत नाहीत. म्हणून पत्र लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. बाबांना स्वतः वाचायला दिलंस तर मधला भाग गाळतील.

दादाने सांगितलं की दिवाळीला आतल्या खोलीसाठी दुसरा टीव्ही येणार आहे. म्हणजे हॉलमध्ये बाबांच्या बातम्या, आत आईच्या सिरियली, आणि भांडण मिटलं. मी त्याला तिथल्या तिथे नको म्हटलं. तो म्हणाला, "तुला काय प्रॉब्लेम आहे? पैसे मी देतोय." प्रॉब्लेम पैशाचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. सिरियली बघून आईचं डोकं बाद होतं, देशात काय चाललंय ते कळत नाही, आणि जे बघायला हवं ते तुम्ही बघता. आता हे कोणाला सांगताय? मी १९९८ला इथे आले तेव्हा एच-४ व्हिसावर होते. त्या व्हिसावर नवऱ्याच्या मागे आलेल्या बायकांना नोकरी करता यायची नाही. आमच्यातल्या काहींना ती परवानगी २०१५ साली मिळाली, तोवर माझं ग्रीन कार्ड झालं होतं. हे ऑफिसला गेले की दिवसभर घर आणि मी. तेव्हा शेजारच्या आजींनी मला दुपारी आपल्याकडे बोलवायला सुरुवात केली आणि 'जनरल हॉस्पिटल' दाखवलं. तुम्ही ज्याला अजून "ते दवाखान्याचं" म्हणता तेच. ते १९६३पासून चालू आहे. अमेरिकेचं राजकारण मला पहिल्यांदा कळलं ते त्या आजींच्या सोफ्यावर.

आजी रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष रीगनच्या भक्त होत्या. माझं मत त्याच्या बरोबर उलट, आणि नागरिक झाल्यापासून मी डेमोक्रॅट्सनाच मत देत आलेय. तरी सोमवार ते शुक्रवार आम्ही एका सोफ्यावर बसत होतो. १९६३च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळी झाडली गेली तेव्हा त्या घरी इस्त्री करत 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' बघत होत्या. ती मालिका तेव्हा थेट प्रक्षेपित व्हायची. मध्येच पडद्यावर नुसती पाटी आली आणि बातम्या देणाऱ्या वॉल्टर क्रॉन्काइटचा आवाज आला, कारण कॅमेरा तापून तयार व्हायला वेळ लागायचा. बातमी सांगून झाल्यावर मालिका परत सुरू झाली. स्टुडिओतल्या नटांना काहीच माहीत नव्हतं, ते आपले संवाद म्हणत राहिले. आजी म्हणायच्या, मी रडत होते आणि ते दोघे थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या सणाच्या, जेवणाचं बोलत होते.

आता या दुपारच्या मालिकांनी काय केलं ते ऐका. १९६२मध्ये 'गायडिंग लाइट'मध्ये लेखिका ॲग्नेस निक्सन यांना एका गृहिणीला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाल्याचं दाखवायचं होतं, म्हणजे बायका तपासणीला जातील. चॅनेल आणि मालिकेची प्रायोजक साबणवाली कंपनी दोघांनी होकार दिला, पण अट घातली की 'कर्करोग' आणि 'गर्भाशय' हे शब्द कोणीही उच्चारायचे नाहीत. तरी बाईंनी ती गोष्ट लिहिली. पुढे १९६८ला त्यांनी 'वन लाइफ टू लिव्ह' सुरू केली. तिच्यात कार्ला नावाची मुलगी होती, सगळे तिला गोरी समजत होते. ती एका काळ्या डॉक्टरच्या प्रेमात पडली तेव्हा प्रेक्षक खवळले. नंतर उघड झालं की ती स्वतःच काळी आहे. आता खवळलेल्यांनी नेमकं कशावर खवळायचं? मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी झाली होती. 'ऑल माय चिल्ड्रन'मध्ये एका आईने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जे भाषण केलं, त्यासाठी मेरी फिकेट या नटीला १९७३ला टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं. बाबा, हे सगळं दुपारी, मुलं शाळेत आणि पुरुष कामावर असताना चालायचं. संध्याकाळच्या टीव्हीला इतकी हिंमत क्वचितच झाली.

तुम्ही म्हणाल, ही चांगली चांगली उदाहरणं निवडलीस. मग वाईट घ्या, त्यातच खरी गंमत आहे.

१९७९मध्ये 'जनरल हॉस्पिटल'मधल्या ल्यूकने लॉरावर बलात्कार केला. आणि मग, प्रेक्षकांना जोडी आवडली म्हणून, लेखकांनी त्याचं प्रेमप्रकरण करून टाकलं. १९८१ला त्यांचं लग्न झालं, ते ३ कोटी लोकांनी बघितलं. अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांचा तो आजवरचा उच्चांक आहे, आणि माझ्या मते त्यांच्या इतिहासातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्टही तीच. आजींना हे पटायचं नाही. "अगं, त्या काळी असंच होतं," म्हणायच्या. पण मी आले त्याच वर्षी, १९९८मध्ये, मालिकेत एलिझाबेथ नावाच्या शाळकरी मुलीवर बलात्कार झाला. तिला सावरणारा मुलगा होता लकी, म्हणजे ल्यूक आणि लॉराचा पोरगा. त्याला आईबापांची जुनी गोष्ट कळते. मग ल्यूकला पोरासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागतं. नट तेच, अँथनी गीअरी आणि जीनी फ्रान्सिस, फक्त वय वाढलेलं. सतरा वर्षांपूर्वी ज्यांनी लग्नाला टाळ्या वाजवल्या त्याच बायका आता समोर बसल्या होत्या, त्यात आमच्या आजी. त्या काही बोलल्या नाहीत. पण "त्या काळी असंच होतं" हे मी त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही.

तुमच्या चर्चावाल्यांपैकी कोणी एकोणीस वर्षांपूर्वीच्या आपल्या बोलण्याचा हिशेब दिलाय? गेल्या मंगळवारच्या तरी?

आणि रॉबिन. ती लहान मुलगी असल्यापासून, १९८५पासून, त्या मालिकेत होती. लोकांनी तिला वाढताना बघितलं. १९९५मध्ये तिचा मित्र एड्सने गेला आणि तिला एचआयव्ही निघाला. त्या वेळी इथे एड्सबद्दल जे बोललं जायचं ते तुम्हाला सांगत नाही. आजीही त्यातलंच बोलायच्या, "तसल्या लोकांचा" रोग म्हणून. पण रॉबिन "तसल्या लोकांतली" कशी? तिला तर आपण दात पडलेली बघितलेली. मालिकेने भाषण दिलं नाही, नुसतं रॉबिनला वर्षानुवर्षं गोळ्या घेत जगू दिलं. पुढे तिने डॉक्टर होऊन लग्न केलं, तिला मूलही झालं. आजींचं मत निवडणुकीत कधी बदललं नाही, पण तेवढं मात्र बदललं.

मालिकांची बाजू मी आंधळेपणाने घेत नाहीये. त्यांनी माझा विश्वासघातही केलाय. 'ऑल माय चिल्ड्रन'मधल्या एरिका केनने १९७३ला कायदेशीर गर्भपात केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या वर्षी तो हक्क दिला तेच वर्ष. टीव्हीवर ती फार मोठी गोष्ट होती. आणि २००६मध्ये लेखकांनी काय शोधून काढावं? की गर्भपात झालाच नव्हता, डॉक्टरने तो गर्भ गुपचूप आपल्या बायकोच्या पोटात ठेवला आणि आता एरिकाचा तिशीतला मुलगा दारात उभा आहे. मेलेली माणसं परत येतात ते मी खपवून घेते, तो या धंद्याचा नियमच आहे. पण हे म्हणजे एका बाईने विचार करून घेतलेला निर्णय मागच्या दाराने पुसून टाकणं झालं. मी तेव्हा आठवडाभर टीव्ही लावला नाही. ह्यांना वाटलं, सेट बिघडलाय.

आणि राजकारण मालिकांपासून लांब असतं असं तर बाबा म्हणूच नका. तुमच्या 'रामायणा'तली सीता आणि रावण दोघेही १९९१ला एकाच पक्षातून खासदार झाले, आणि तुम्हीच तेव्हा हसून हसून सांगितलं होतं. इथली कथा त्याहून भारी आहे. २००५मध्ये ट्रम्प 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'मध्ये छोट्या भूमिकेसाठी, स्वतःच्याच भूमिकेसाठी, स्टुडिओत बसने आले. बसमध्ये बायकांबद्दल ते जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. माइक चालू होता. २०१६च्या ऑक्टोबरात, निवडणुकीच्या महिनाभर आधी, ती टेप बाहेर आली. बसमधून उतरल्यावर त्यांना आत घेऊन जायला आलेली नटी मी रोज बघत होते, मालिकेत ती निकोल होती. सगळ्या देशाने ती टेप बातमी म्हणून बघितली. आम्ही मालिकावाल्या मात्र निकोलच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती हसतमुखाने त्यांच्याशी बोलतेय, आणि दाराआड काय बोलणं झालं याची तिला कल्पनाही नाही. मालिकेत असा प्रसंग आला असता तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागली असती. इथे महिन्याभरात ते निवडून आले.

यातून मी मुद्द्यावर येते. इथे मालिकांची वाट कोणी लावली माहितीये? बातम्यांनी. १९७३ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट भानगडीची सुनावणी तिन्ही नेटवर्कनी पाळ्या लावून दाखवली तेव्हा मालिका बुडाल्या म्हणून लोकांनी तक्रारी केल्या, पण सुनावणी संपली आणि सगळे परत आले. १९९५ला ओ. जे. सिम्पसन या खेळाडू-नटावरचा खुनाचा खटला महिनोन्‌महिने दुपारी चालला. त्यात सगळं होतं, खून, पैसा, प्रसिद्ध आरोपी, रोज नवा साक्षीदार. तेव्हा गेलेल्या बायकांपैकी बऱ्याच परतल्याच नाहीत. टीव्हीवाल्यांच्या लक्षात आलं की लेखक आणि नट नसले तरी सिरियल काढता येते. २०२२च्या सप्टेंबरात एनबीसी चॅनेलने 'डेज' ५७ वर्षांनी टीव्हीवरून उचलून मोबाइलवर टाकली आणि त्या जागी काय लावलं? दुपारच्या बातम्या.

तुमच्या संध्याकाळच्या चर्चेत बाबा, पार्श्वसंगीत आहे, खलनायक ठरलेला आहे, जाहिरातीआधी "आता येणारा खुलासा" आहे. ती सिरियलच आहे. फक्त तिच्यात कोणी म्हातारं होत नाही, कोणाला पोरासमोर उत्तर द्यावं लागत नाही आणि ज्याचा राग येतो त्याच्या घरात काय चाललंय ते कधी दाखवत नाहीत. आई रात्री दहाला झोपते. तुम्ही बारापर्यंत कुशी बदलत असता आणि सकाळी बीपी वर. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, मी चर्चा कमी करा म्हणते.

आणि आई, तू लगेच खूश होऊ नकोस. तू सध्या जी बघतेस ती मीही इथे ॲपवर बघितली. सुनेला विष कोणी दिलं ते तीन वेळा वेगवेगळं सांगितलंय. तू म्हणायचीस ना, सह्याद्रीवर दुपारी 'दामिनी' लागायची तेव्हा तिची नायिका पत्रकार होती, बाहेर पडायची, प्रश्न विचारायची? आताच्या नायिका स्वयंपाकघरातून कटाच्या खोलीत आणि परत एवढंच चालतात. तुझी नजर चांगली आहे, मग पसंती अशी का?

इथे माझ्या ओळखीच्या कित्येक घरांत दोन टीव्ही आहेत. नवरा एका खोलीत एक चॅनेल, बायको दुसऱ्या खोलीत दुसरं, आणि जेवायच्या टेबलावर दोघांकडे दोन वेगळे देश. आजींच्या घरी एकच सेट होता, म्हणून त्यांना माझ्याशी भांडावं लागायचं, मलाही त्यांच्याशी. मला तुमच्या घरात भांडण हवंय. ९२-९३ला केबल आली तेव्हा स्टार प्लसवर 'बोल्ड अँड द ब्यूटिफुल' लागायचं, बाबा सगळं बघायचे आणि चुंबन आलं की 'सकाळ' तोंडासमोर धरायचे. आई म्हणायची, "आता खाली करा, झालं." मला अमेरिका तेवढीच माहीत होती, पण ती आपण तिघांनी एकत्र बघितली होती.

तर असं करा. दुपारी आईची एक सिरियल दोघांनी बघायची, आणि बाबांनी हवं तेवढं नावं ठेवायची. संध्याकाळी एकच बातमीपत्र, अर्ध्या तासाचं, तेही आईच्या शेजारी बसून, आणि आईने विचारलं की "हा मागच्या वर्षी काय म्हणाला होता?" तर बाबांनी आठवून सांगायचं. जमलं तर मी आले की आपण 'बियाँड द गेट्स' बघू. २०२५च्या फेब्रुवारीत सुरू झालीये. वॉशिंग्टनजवळच्या एका श्रीमंत काळ्या कुटुंबाची गोष्ट आहे, घरातले आजोबा निवृत्त सिनेटर. १९९९नंतर मोठ्या चॅनेलवर आलेली ही पहिली नवी दुपारची मालिका आहे. आजोबा बाबांना आवडतील. आजी आईला आवडेल, पूर्वीची गायिका आहे आणि कोणाचं ऐकून घेत नाही.

दादाला मी सांगितलंय की टीव्हीच्या पैशात हॉलमध्ये दोन बऱ्या खुर्च्या घे, हात असलेल्या. बाबांना त्या दिवाणावरून उठताना गुडघा धरावा लागतो. तो चिडलाय, पण घेईल. रंग आईने निवडायचा.

तुमची,
लेक