आयसीयूत गप्प पडलेल्या कर्करुग्णाकडेही लक्ष द्या

प्रति,
संपादक,

महोदय,

कर्करोगाचा रुग्ण आयसीयूत असताना अचानक बरळू लागला, घरच्यांना ओळखेनासा झाला, की नातेवाइकांच्या मनात दोनच तर्क येतात: आजार मेंदूत पोहोचला, नाहीतर शेवट जवळ आला. कुणी 'वात झाला' म्हणतात आणि गप्प बसतात. अशा विभागांत काम करणाऱ्या आम्हा परिचारिका व डॉक्टरांचे सांगणे आहे की कारण शोधल्याशिवाय या दोन्ही तर्कांवर विश्वास ठेवू नये. या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होते, दिवसभरात कमी-जास्त होते आणि रुग्णाचे लक्ष टिकत नाही. मेंदूतील गाठ हे तिचे एक कारण असू शकते, पण इतर अनेक कारणे दुरुस्त होण्यासारखी असतात.

ओरडणाऱ्या, नळ्या ओढणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात. खरी चूक होते ती गप्प पडलेल्या रुग्णाबाबत. तो हाक मारल्यावर डोळे उघडतो, पुन्हा मिटतो, जेवण नाकारतो. ड्युटी बदलताना 'आज शांत आहेत' एवढेच सांगितले जाते. केमोचा थकवा किंवा निराशा समजून दोन-तीन दिवस जातात आणि तोवर मूळ कारण वाढलेले असते.

यावर 'कॅम-आयसीयू' ही तपासणी 2001 पासून उपलब्ध आहे. तिला दोन-तीन मिनिटे लागतात, यंत्र लागत नाही. रुग्णाची मानसिक स्थिती नेहमीपेक्षा बदलली आहे का, हे आधी पाहायचे. मग त्याचा हात हातात घेऊन सावकाश दहा अक्षरे म्हणायची; ठरलेले अक्षर आले की त्याने हात दाबायचा. मूळ इंग्रजी मालिकेत 'ए' चार वेळा येतो. मराठी रुग्णासाठी 'ठ, आ, क, ळ, आ, प, आ, आ, र, ट' अशी माळ चालू शकेल. मात्र एका रुग्णालयात सर्वांनी एकच माळ वापरावी. तीन किंवा अधिक चुका म्हणजे लक्ष टिकत नाही. त्यातच रुग्ण गुंगीत किंवा अस्वस्थ असेल, तर डिलिरियम धरायचा. पूर्ण जागा असेल तर चार प्रश्न: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? एक किलो दोन किलोंपेक्षा जड असतो का? हातोडीने खिळा ठोकता येतो का? शेवटी दोन बोटे दाखवायला सांगायचे, मग तेच दुसऱ्या हाताने. प्रश्न आणि बोटे मिळून एकापेक्षा जास्त चुका झाल्या तरी निदान तेच. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर गळ्यात नळी असलेला रुग्णही हे करू शकतो. आपल्याकडे मान हलवण्याचा अर्थ संदिग्ध असतो, म्हणून 'हो'साठी एकदा डोळे मिटायचे हे आधीच ठरवून घ्यावे. रुग्ण हाकेलाही प्रतिसाद देत नसेल, तर ही चाचणी नंतर करावी. पण त्या गुंगीचे कारण मात्र लगेच शोधावे.

प्रत्येक ड्युटीत एकदा हे तपासून रक्तदाबाच्या रकान्याशेजारी लिहावे, ही आमची पहिली मागणी.

तपासणी होकारार्थी आली की कारणांचा शोध. कर्करुग्णात तो नेहमीच्या यादीपेक्षा लांब जातो. जंतुसंसर्ग, ऑक्सिजन, साखर, सोडियम हे सगळे बघतात. वाढलेले कॅल्शियम मात्र निसटते. या रुग्णांचे अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) कमी असते, म्हणून अहवालातला आकडा फसवा ठरतो: कॅल्शियम 10.4 आणि अल्ब्युमिन 2 असेल, तर दुरुस्त आकडा 12 होतो (4 मधून अल्ब्युमिन वजा करून 0.8 ने गुणायचे आणि मिळवायचे). आयनाइज्ड (रक्तातले मोकळे) कॅल्शियम तपासता आले तर उत्तमच. स्तन व फुप्फुसाचा कर्करोग आणि मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) यांत हे वारंवार दिसते. सलाइन आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडने आकडा उतरतो, पण झोलेड्रॉनिकचा परिणाम दिसायला दोन ते चार दिवस लागतात, हे घरच्यांना आधीच सांगावे.

औषधे हा दुसरा मोठा भाग. मूत्रपिंड बिघडले की वेदनाशामक मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात. हातापायांना झटके, भास, बारीक झालेल्या बाहुल्या ही त्याची खूण. तेव्हा मॉर्फिन एकदम बंद करू नये, कारण वेदनेनेही डिलिरियम होतो. मात्रा कमी करावी किंवा फेंटानिल या दुसऱ्या वेदनाशामकावर न्यावे. न्यूट्रोपेनियातील (पांढऱ्या पेशी घटल्यावरच्या) तापासाठी दिलेले सेफेपिम हे प्रतिजैविक मूत्रपिंडानुसार मात्रा न बदलता चालू ठेवले, तर तेही मेंदूवर परिणाम करते. केमोतील आयफॉस्फामाइडचेही तसेच. रक्त चढवण्यापूर्वी सवयीने दिले जाणारे अॅलर्जीचे औषध अ‍ॅविल वयस्कर रुग्णाचा गोंधळ वाढवते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रात्री दिले की झोप उडते, म्हणून शेवटची मात्रा दुपारी दोनपूर्वी द्यावी. तोंड किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगामुळे कित्येक आठवडे धड न जेवलेल्या रुग्णाला डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या सलाइनच्या) आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-1) द्यावे. तंबाखू आणि दारू किती, हे दाखल करतानाच स्पष्ट विचारावे. दारू सुटल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी धोका सर्वाधिक. आणि तुंबलेली लघवी व बद्धकोष्ठता, ही अगदी साधी कारणे, तपासायची राहून जातात.

याउलट प्रत्यक्षात बऱ्याचदा हात बांधले जातात आणि मिडाझोलामसारखे गुंगीचे औषध दिले जाते. रुग्ण निपचित पडतो, डिलिरियम लांबतो. दारू सुटल्याचा त्रास आणि आकडी यांत ही औषधे आवश्यक आहेत. इतरत्र शक्यतो टाळावीत. हॅलोपेरिडॉल या मानसिक आजारांवरील औषधाने डिलिरियमचे दिवस कमी होत नाहीत, हे 2018 च्या मोठ्या चाचणीत दिसले. रुग्ण स्वतःला इजा करण्याच्या बेतात असेल, तेव्हा ते थोड्या मात्रेत व थोड्या काळासाठी, एवढाच त्याचा उपयोग.

ज्याने फरक पडतो ते स्वस्त आहे, पण आयसीयूच्या वेळापत्रकाला अडचणीचे आहे. रात्री दहा ते पाच दिवे मंद ठेवणे, पहाटे चारचे स्पंजिंग आणि रक्त काढणे पुढे ढकलणे, दिवसा पलंगाच्या कडेला बसवणे, चष्मा आणि कानाचे यंत्र परत देणे. सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाने ऐकू कमी येऊ शकते. अशा रुग्णाला आपण गोंधळलेला समजतो आणि त्याला फक्त ऐकू येत नसते.

सर्वात जास्त विरोध होतो तो नातेवाइकांना आत घेण्याला. दिवसातून दोनदा दहा मिनिटे, काचेतून, ही पद्धत बदलायला हवी. हात धुऊन, मास्क लावून, सर्दी-ताप नसलेली एक व्यक्ती दिवसा जवळ बसू शकते. न्यूट्रोपेनियाच्या रुग्णाजवळही हे नियम काटेकोर पाळून बसता येते. त्या व्यक्तीने वार, वेळ, जागा सांगावी, घरच्या माणसांची नावे घ्यावीत, भासांवरून वाद घालू नये. 'आज हे नेहमीसारखे नाहीत' हे सर्वात आधी तिच्याच लक्षात येते, आणि तिचे ते वाक्य केसपेपरवर लिहिले गेले पाहिजे.

आयुष्याच्या शेवटच्या दिवसांतला डिलिरियम वेगळा. तेव्हा दर सहा तासांनी रक्त काढण्यात अर्थ नसतो; रुग्णाचा त्रास कमी करणे हेच उपचार, आणि पॅलिएटिव्ह (त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या) डॉक्टरांना वेळेवर बोलवावे.

बाकीच्यांच्या डिस्चार्ज कार्डवर डिलिरियम किती दिवस होता, हे लिहावे. तो जितका लांबतो तितकी स्मरणशक्ती व विचारशक्ती तीन महिन्यांनी आणि वर्षानेही कमी आढळते, असे 2013 च्या अभ्यासातून पुढे आले आहे. ज्याला गोळ्यांचे वेळापत्रक सांभाळायचे आहे त्याच्या घरच्यांना हे ठाऊक हवे, आणि पुढच्या केमोच्या संमतीपत्रावर रुग्णाची सही घेण्यापूर्वी ती नोंद कर्करोगतज्ज्ञांसमोर हवी.

— अतिदक्षता विभागातील परिचारिका व डॉक्टर, पुणे