अडीच लाख घ्या, दावा सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते : उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून दुचाकीस्वार गंभीर जखमी. पुढे त्या जखमीचे काय झाले, हे कुठे छापून येत नाही. मी वकिलांकडे कारकुनी करण्यात उभा जन्म घालवला आणि त्यातले निम्मे टायपिंग मोटार अपघाताच्या दाव्यांचे होते. म्हणून हे पत्र.

मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच, असे सगळे धरून चालतात. ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, चाकाखाली दगड लावून ट्रॉली अर्धी डांबरावर उभी, तरी गुन्हा दाखल होतो तो जखमी पोरावर. अशांसाठी मोटार वाहन कायद्यात चूक कोणाची हे न विचारता भरपाई देण्याची सोय आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. मग १९८२ च्या दुरुस्तीने ही सोय आणली : मृत्यूला १५ हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. १९८८ च्या कायद्यात ते कलम १४० झाले आणि १९९४ मध्ये रक्कम ५० हजार व २५ हजार झाली. त्यानंतर डिझेल कुठल्या कुठे गेले, हे आकडे मात्र कलम असेपर्यंत तिथेच बसून राहिले.

कोर्टात त्याला आम्ही 'एकशेचाळीसचा अर्ज' म्हणायचो. मुख्य दाव्याबरोबर तो दाखल करायचा, सोबत फिर्यादीची नक्कल, विम्याची प्रत आणि सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला. अपघात, विमा आणि अपंगत्व कागदावर दिसले की हुकूम मिळायचा. पंचवीस हजारांत काय होते, असे विचारणाऱ्यांनी दवाखान्याच्या बिलासाठी कानातले गहाण ठेवलेली बाई पाहिलेली नसते. मुख्य म्हणजे दावा जिवंत राहायचा. निकाल लागला की आधी मिळालेली रक्कम वजा करून उरलेली हातात यायची.

१ एप्रिल २०२२ पासून हे कलम नाही. त्याच्या जागी नवे कलम १६४ : मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक कोणाची ते विचारायचे नाही. ऐकायला भरघोस वाटते. पण चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायचा मुख्य दावा ज्या कलम १६६ खाली होतो, त्याला एक परंतुक, म्हणजे जोडअट, लावले आहे, ते जखमीला कोणी वाचून दाखवत नाही. कलम १४९ खाली विमा कंपनीशी तडजोड करून १६४ ची रक्कम स्वीकारली की ट्रिब्युनलपुढचा, म्हणजे मोटार अपघाताच्या कोर्टापुढचा, दावा संपतो.

आमच्या वाडीतल्या एका गवंड्याचे हेच झाले. वय २४, रात्री कामावरून परतताना उभ्या ट्रॉलीवर गेला, उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. विमा कंपनीचा माणूस घरी आला तेव्हा पोरगा ओसरीत खाटेवर, पायाला क्रेप बँडेज, उशाशी औषधांची पिशवी. कागद इंग्रजीत. वडिलांनी एकच विचारले, "सही केली की कोर्टात जायला लागत नाही ना?" नाही म्हटल्यावर म्हातारा सुटलाच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते, आणि विमा कंपन्यांना ते आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मला तो कागद दाखवला तो सही झाल्यावर.

आता हिशेब पाहा. महिना १५ हजार मजुरी धरली तर वर्षाचे १ लाख ८० हजार. स्वतंत्र काम करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २ लाख ५२ हजार. पाय नसलेला गवंडी परांचीवर चढणार नाही, तरी कमाईचे नुकसान निम्मेच धरू : १ लाख २६ हजार. वर्षाच्या नुकसानीला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात, २४ व्या वर्षाला हा गुणक १८. झाले २२ लाख ६८ हजार. निम्मी चूक त्याची ठरवली तरी ११ लाखांच्या वर, आणि यात दवाखाना, कृत्रिम पाय, यातना काहीच धरलेले नाही. अर्थात चूक पूर्ण त्याचीच ठरली असती तर १६६ खाली शून्य आणि अडीच लाखच बरे. पण ते ठरायला साक्षीपुरावा लागतो, आणि ओसरीत बसून ते ठरत नाही.

शिवाय गंभीर दुखापत म्हणजे काय, तर फौजदारी कायद्यातली व्याख्या. तिच्यात हाड किंवा दात मोडणेही येते आणि अवयव गमावणेही. म्हणजे पुढचा दात मोडलेल्याला अडीच लाख आणि पाय गेलेल्यालाही अडीच लाख. टक्केवारीचा दाखला काढून उपयोग नाही. केंद्राने २०२५ मध्ये दीड लाखापर्यंत सात दिवसांच्या कॅशलेस उपचारांची योजना आणली, ती चांगलीच आहे. पण सात दिवसांत पाय कापून होतो, नवा बसत नाही.

माझे मागणे साधे आहे. १६४ ची रक्कम पूर्वीच्या १४० प्रमाणे आगाऊ समजावी आणि अंतिम भरपाईतून वजा करावी, दावा बुडवू नये. अपंगत्वाच्या प्रमाणात ती वाढावी. तडजोडीचा कागद मराठीत असावा, आणि सही घेण्याआधी दावा संपणार हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे. आपल्या भागातल्या खासदारांनी हे संसदेत विचारायला काय हरकत आहे? नव्या कायद्यात दावा दाखल करायला ६ महिन्यांची मुदत लिहिली आहे, त्यामुळे घरातला माणूस दवाखान्यात असतानाच लोकांची घाई होते आणि समोर आलेल्या कागदावर सह्या होतात.

आपल्याकडेही एक मागणे. ट्रॅक्टरचा विमा असतो, पण ट्रॉलीचा वेगळा भरलेला नसतो, आणि विमा कंपनी नेमका तिथेच फाटा फोडते. तेव्हा यापुढे अशी बातमी देताना ट्रॉली नोंदलेली होती का, तिचा विमा होता का आणि मागचा दिवा लागत होता का, एवढे तीन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी पोलीस ठाण्यात विचारावेत आणि मिळालेले उत्तर छापावे.

आपला,
एक निवृत्त वकिली कारकून,
ता. कराड, जि. सातारा